सुट्या भागाची साक्ष

जुनी वस्तू दुरुस्त करणारा मनुष्य एकाच वेळी दोघांची सेवा करीत असतो. ज्याने ती वस्तू प्रथम घडविली तो एक, आणि ज्याच्या हाती ती उद्या जाणार आहे तो दुसरा. दोघांपैकी एकही त्याच्यासमोर नसतो. पहिला बहुधा हयात नसतो. दुसरा कोण, हे अद्याप कोणालाच ठाऊक नसते. समोर उभा असलेला मनुष्य आपल्याला जाब विचारू शकतो. अनुपस्थित मनुष्य तो विचारू शकत नाही. म्हणूनच अनुपस्थितांशी आपण कसे वागतो, ही नीतीची अवघड कसोटी ठरते.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही मुद्दामच एक क्षुल्लक वाटणारी वस्तू निवडली आहे. जुन्या स्पोर्ट्‌स मोटारीच्या दोन आसनांमध्ये बसविलेली पेटी, जिला मोटारींच्या व्यवहारात सेंटर कन्सोल म्हणतात, ती काळाच्या ओघात मोडते. कारखान्याकडून तो भाग मिळेनासा झालेला असतो. मग मालक आपल्या मोटारीच्या मापाची नवी पेटी स्वतःच्या हातांनी बनवितो. घडते ते एवढेच. वाचक विचारतील, प्लास्टिकच्या पेटीत तत्त्वज्ञान कोठून आले? परंतु प्रश्न मोठा असण्यासाठी वस्तू मोठी असावी लागत नाही. पुरातन मंदिराच्या जीर्णोद्धारात जो पेच उभा राहतो, तोच या हातभर लांबीच्या पेटीतही उभा राहतो: नवे कोठे संपते, जुने कोठे सुरू होते आणि दोहोंमधील सीमारेषा कोणी सांगावयाची?

मोटार व तिची पेटी

विचार अधांतरी राहू नये म्हणून एक ठरावीक मोटार घेऊ. १९६९ च्या ऑक्टोबर महिन्यात जपानच्या निस्सान कंपनीने दोन आसनांची एक नवी मोटार जगापुढे आणली. जपानमध्ये तिचे नाव ‘फेअरलेडी झेड’ होते; अमेरिकेत ती ‘डॅटसन २४०झेड’ या नावाने विकली गेली. लांब नाक, मागे उतरत जाणारे छप्पर, सहा सिलिंडरांचे २,३९३ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि अमेरिकेतील किंमत ३,५२६ डॉलर. वेगवान युरोपीय मोटार घेण्याची ज्याची ऐपत नव्हती, अशा नोकरदार माणसाच्या आवाक्यात ती आली. १९७३ पर्यंत अशा सुमारे दीड लाख मोटारी तयार झाल्या. मग तिची जागा २६०झेडने घेतली. आपल्याकडे डॅटसन हे नाव २०१४ ते २०२२ या काळात विकल्या गेलेल्या लहान मोटारींमुळे पुष्कळांना परिचित आहे. आम्ही ज्या मोटारीविषयी बोलत आहोत ती त्याच नावाच्या घराण्यातील, परंतु फार जुनी व अगदी निराळ्या प्रकृतीची.

या मोटारीत दोन आसनांच्या मध्ये पत्र्याचा एक लांबट उंचवटा आहे. त्याखाली गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा फिरता दांडा असतो. या उंचवट्यावर काळ्या प्लास्टिकची पेटी बसविलेली असते. तिच्यातून गिअरचा दांडा वर येतो. थंड इंजिन सुरू करताना लागणाऱ्या चोकचा खटका तिच्यावर असतो, राखदाणी तिच्यात असते, आणि विजेचे फ्यूज तिच्याच एका झाकणाखाली दडलेले असतात. प्रवासात चालकाचा हात वारंवार जेथे जातो अशी ही जागा आहे.

पेटीचा मुख्य शत्रू म्हणजे ऊन. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे प्लास्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटत जातात. शिवाय उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत दिवसा भट्टीसारखी उष्णता आणि रात्री गारवा, असे प्रसरण-आकुंचन हजारो वेळा होते. पन्नास वर्षांत असे प्लास्टिक ठिसूळ बनते. स्क्रूच्या भोकांभोवती व पातळ कडांवर प्रथम भेगा दिसतात. मग एखाद्या दिवशी कोणी सहज कोपर टेकतो आणि तुकडा हातात येतो. धातूचा भाग गंजला तर निदान खरवडून रंगविता येतो. ठिसूळ झालेल्या प्लास्टिकला पुन्हा तारुण्य नाही. चिकटवलेली भेग शेजारी पुन्हा उघडते.

हातांचे काम

अशा वेळी जो मनुष्य नवी पेटी करावयास बसतो, त्याच्या कामाचा क्रम पाहण्यासारखा आहे. प्रथम तो जुनी पेटी न फोडता सोडवितो आणि तिचे सर्व तुकडे जपून ठेवतो, कारण मोडलेली पेटी हीच नव्या पेटीची पहिली शिक्षिका होय. मग तो पुठ्ठा घेतो. पत्र्याचा उंचवटा डोळ्यांना सरळ वाटतो. पुठ्ठा टेकवला की कळते की त्याची डावी व उजवी बाजू सारखी नाही आणि तो पुढून मागे जाताना अरुंद होत जातो. पुठ्ठ्याचा एक तुकडा कापावा, लावून पाहावा, पुन्हा कापावा, असे करता करता खरा आकार हाती लागतो.

त्यानंतर हालचालींचा विचार. गिअरचा दांडा एका जागी उभा असताना भोवती मोकळी जागा दिसते. परंतु तो प्रत्येक गिअरमध्ये, मागे जाण्याच्या गिअरमध्येही, टाकून पाहावा लागतो. शिवाय इंजिन रबरी आधारांवर बसविलेले असल्यामुळे चालू असताना ते हलते आणि त्याबरोबर दांडाही थरथरतो. म्हणून स्तब्ध मोटारीचे माप पुरत नाही. चालत्या मोटारीचे माप घ्यावे लागते. शेजारचा हातब्रेक ओढताना दांड्याला जागा मिळाली म्हणजे झाले असे नाही. दांडा धरणाऱ्या बोटांच्या पेरांनाही जागा लागते. फ्यूजचे झाकण असे हवे की भर रात्री रस्त्यात दिवे गेले, तर अवजारांवाचून हाताने उघडता यावे. गिअरबॉक्सची उष्णता वर येते, तेव्हा खाली तिला अडविणारा थर घालावा लागतो.

मग सामग्रीची निवड. कोणी प्लायवूडची पेटी जोडून तिच्यावर रेक्झिन ताणून बसवितो. कोणी साचा करून त्यावर फायबरग्लासचे थर चढवितो. रेझिन घट्ट होताना तापते व किंचित आकसते, याचा हिशेब आधीच ठेवावा लागतो. घासताना उडणारी धूळ छातीत जाऊ नये म्हणून तोंडावर मुखवटा बांधावा लागतो. खड्डे लांबीने भरावे, पुन्हा घासावे, पुन्हा बसवून पाहावे. अलीकडे यंत्राने आकाराचे मोजमाप घेऊन त्रिमितीय छपाईने भाग बनविण्याची सोयही झाली आहे. तरीही शेवटी तो भाग मोटारीत बसतो की नाही, याचा निर्णय मोटारच देते.

येथे आम्हांस संत थॉमस अक्वायनस यांनी सत्याविषयी केलेल्या एका विवेचनाची आठवण होते. बुद्धी आणि वस्तू यांचे जुळणे म्हणजे सत्य, असे सांगताना ते एक सूक्ष्म भेद करतात. निसर्गातील वस्तू आपल्या बुद्धीला माप लावतात. डोंगर कसा आहे हे डोंगर ठरवितो, आपण ते ओळखावयाचे असते. उलट, मनुष्याने घडविलेल्या वस्तूला त्याची बुद्धी माप लावते. घर कसे असावे हे बांधणाऱ्याच्या मनात आधी ठरलेले असते. नवी पेटी करणारा या दोन्ही जागी एकदम उभा असतो. पेटीच्या बाबतीत तो कर्ता आहे, परंतु मोटारीच्या बाबतीत तो शिष्य आहे. त्याच्या मनातील आकृतीने पेटीला माप लावावयाचे आणि त्या आकृतीला मोटारीने माप लावावयाचे. मोटारीपुढे खुशामत चालत नाही, पदवी चालत नाही, ‘मला असे वाटले होते’ हे समर्थनही चालत नाही. दोन मिलिमीटर चुकले म्हणजे चुकले. आपल्या मतापेक्षा निराळे असे काही तरी जगात आहे व त्याच्यापुढे आपल्याला नमते घ्यावे लागते, हा धडा ज्या कामातून मिळतो ते काम क्षुल्लक नव्हे.

ओळख कशाने टिकते?

पेटी तयार झाली, मोटारीत बसली. आता प्रश्न असा की, मोटार तीच राहिली काय?

एका पेटीने काय बिघडते, असे कोणीही म्हणेल. परंतु पेटीनंतर आसने बदलली, मग जमिनीचा गंजलेला पत्रा बदलला, मग इंजिन बदलले, तर कोठे थांबावे? हा पेच फार जुना आहे. प्लूटार्कने थीसियसच्या चरित्रात त्याच्या जहाजाची हकिकत सांगितली आहे. अथेन्सच्या लोकांनी ते जहाज जतन केले. फळी कुजली की तिच्या जागी नवी बसविली. ते जहाज तेच की दुसरे, यावर तत्त्वज्ञ वाद घालू लागले. सतराव्या शतकात टॉमस हॉब्जने त्यात आणखी एक गाठ मारली. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी साठवून त्यांचे पुन्हा त्याच क्रमाने जहाज बांधले, तर दोहोंपैकी खरे कोणते?

मोटारींच्या जगात हा वाद एकदा प्रत्यक्ष न्यायालयात गेला. १९२९ व १९३० या दोन्ही वर्षी फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत बेंटली कंपनीच्या ‘ओल्ड नंबर वन’ या मोटारीने जिंकली होती. पुढे शर्यतींच्या गरजेनुसार तिचे भाग बदलत गेले. १९३२ मध्ये इंग्लंडमधील ब्रुकलँड्‌स येथे तिला भीषण अपघात होऊन चालक क्लाइव्ह डनफी मृत्युमुखी पडला, आणि त्यानंतर ती पुन्हा बांधली गेली. अनेक वर्षांनी तिच्या विक्रीचा सुमारे एक कोटी पौंडांचा करार झाला. परंतु ही ती मोटारच नव्हे, असे म्हणून खरेदीदाराने व्यवहार नाकारला. १९९० साली लंडनच्या न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांच्यासमोर हा खटला चालला. १९२९ च्या मोटारीचे फारच थोडे अवशेष तिच्यात उरले आहेत, हे न्यायालयाला मान्य झाले. तरीही निकाल विक्रेत्याच्या बाजूने लागला. ही मोटार मूळ स्थितीतली म्हणता येणार नाही, परंतु ती अस्सल आहे. कारण तिचा इतिहास कोठेही खंडित झालेला नाही आणि तिची जागा घेणारी दुसरी मोटार अस्तित्वात नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

‘मूळ’ आणि ‘अस्सल’ या दोन शब्दांत न्यायालयाने केलेला हा भेद आम्हांस मोलाचा वाटतो. ‘मूळ’ हा द्रव्याविषयीचा शब्द आहे. कोणती फळी, कोणता पत्रा, कोणते प्लास्टिक. ‘अस्सल’ हा चरित्राविषयीचा शब्द आहे.

परंतु येथे एक अडचण उरते. सजीव प्राण्याच्या शरीरातील द्रव्य सतत बदलत असते, तरी तो प्राणी तोच राहतो. अरिस्टॉटलच्या परंपरेत याचे उत्तर असे की, त्याला एकत्र धरणारे तत्त्व त्याच्या आतच असते. वृक्षाला आपण तोच वृक्ष आहोत हे कोणाला पटवून द्यावे लागत नाही. तो आतून वाढतो, आतून जखम भरून काढतो. घडविलेल्या वस्तूचे तसे नाही. मोटार स्वतःची भेग स्वतः भरत नाही. तिला आतून धरणारा प्राण नाही. तिचे चरित्र ती स्वतः सांगू शकत नाही. ते सांगणारी माणसे असतात, चासीवर ठोकलेला क्रमांक असतो, कागदपत्रे असतात, जुनी छायाचित्रे असतात, आणि कोणी काय बदलले याच्या नोंदी असतात.

याचा अर्थ फार गंभीर आहे. सजीवाची ओळख त्याच्या प्राणात असते. घडविलेल्या वस्तूची ओळख माणसांच्या शब्दावर अवलंबून असते. तो शब्द खोटा निघाला तर वस्तूचे चरित्रच नष्ट होते, मग तिचे सर्व सुटे भाग जागच्या जागी असले तरी. म्हणून आमचे प्रतिपादन असे की, नवी पेटी बनविणाऱ्याच्या हातून मोटारीची खरी हानी होते ती नव्या भागामुळे होत नाही. ती होते नव्या भागाविषयीच्या मौनामुळे.

खोटी साक्ष

हे मौन नेहमी निष्पाप नसते. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतील एका लिलावात १९७१ ची, फार थोडी चाललेली व बहुतांशी मूळ स्थितीतली एक २४०झेड ३ लाख १० हजार डॉलरला विकली गेली. जी मोटार एके काळी साडेतीन हजारांना मिळत असे, तिची ही किंमत. ती अखंडित जुनेपणाची किंमत होती, आणि जेथे जुनेपणाला किंमत येते तेथे जुनेपणा तयार करण्याचा मोह होतो. कुशल हात नव्या प्लास्टिकला जुना पोत देऊ शकतो, कडा जरा झिजवू शकतो, चकाकी मारू शकतो. दिसते तसे नसते म्हणून जग फसते, ही म्हण अशा बाजारासाठीच असावी.

अनुकरण हा दोष नव्हे. मूळ पेटीसारखी हुबेहूब पेटी करणे हे उलट पहिल्या कारागिराविषयीच्या आदराचे लक्षण आहे. हुबेहूब केलेली वस्तू जेव्हा ‘मीच ती’ असे म्हणू लागते, तेव्हा दोष सुरू होतो. खोटी साक्ष देण्याची मनाई करणारी आज्ञा आपण सामान्यतः जिभेपुरती समजतो. परंतु साक्ष हातांनीही देता येते. विक्रेत्याने एक अक्षरही न उच्चारता, केवळ वस्तूच्या पृष्ठभागावर कृत्रिम झीज उमटवून, खोटी साक्ष दिलेली असते.

जुन्या वास्तू जपणाऱ्यांनी या प्रश्नाचा आपल्याआधी विचार केला आहे. १९६४ च्या व्हेनिसच्या सनदेने असे तत्त्व मांडले की, गेलेल्या भागाच्या जागी बसविलेला नवा भाग संपूर्ण वास्तूशी सुसंगत दिसावा, तरीही तो मूळ भागापासून वेगळा ओळखता यावा. आणि जेथे केवळ तर्क सुरू होतो तेथे जीर्णोद्धाराने थांबावे. जुन्या मोटारींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली स्वीकारलेल्या ट्यूरिनच्या सनदेत हीच दृष्टी वाहनांना लावलेली आहे. बदललेल्या भागांवर टिकाऊ खूण असावी आणि कामाची नोंद ठेवावी, असा तिचा आग्रह आहे. सुसंगत तरीही ओळखू येणारा, ही वरवर विसंगत वाटणारी अट पेटीच्या बाबतीत फार सोपी होते. आसनावर बसलेल्याला पेटी मोटारीचीच वाटावी. पेटी सोडवून उलटी करणाऱ्याला आतल्या बाजूस वर्ष व खूण दिसावी.

ही आतली बाजू आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. ती कोणी पाहत नाही. तेथे रेझिनचे ओघळ तसेच ठेवले, तारा कशाही कोंबल्या, तरी वरून काही कळत नाही. वर्षानुवर्षांनी दुसरा कोणी तरी फ्यूज शोधताना ती पेटी उघडील, तेव्हा त्याच्या बोटाला अणकुचीदार कड लागेल की व्यवस्थित बांधलेली तार लागेल, हे आजच ठरत असते. त्या अनोळखी मनुष्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. तरी आपण त्याचे ऋणको आहोत.

जपानची ही मोटार असल्यामुळे जपानचाच एक दाखला येथे द्यावासा वाटतो. इसे येथील प्रसिद्ध शिंतो मंदिर दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर संपूर्ण नवे बांधले जाते. २०१३ साली ते असे बासष्टाव्यांदा उभारले गेले. लाकूड नवे, परंतु आकार, रीती व कारागिरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. पाश्चात्त्य देशांतील दगडी वास्तूंच्या अनुभवावर बेतलेले निकष अशा ठिकाणी अपुरे पडतात. १९९४ मध्ये जपानमधील नारा येथे तज्ज्ञांची परिषद भरली आणि अस्सलपणाचा विचार त्या त्या संस्कृतीच्या संदर्भात व्हावा, असे तिच्या निवेदनात मान्य करण्यात आले. कोणी म्हणेल, मग व्हेनिस खरे की नारा? आमच्या दृष्टीने दोहोंत विरोध नाही. इसेचे लाकूड नवे आहे हे सर्वांना माहीत असते. तेथे कोणी कोणाला फसवीत नाही. व्हेनिसची सनद ओळखता येणारी खूण मागते तीही फसवणूक होऊ नये म्हणूनच. पद्धती दोन, सत्यनिष्ठा एकच.

किंबहुना खुद्द निर्मात्यालाही यातून सूट नाही. गेल्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत निस्सानच्या अमेरिकी शाखेने सुमारे चाळीस जुन्या २४०झेड मोटारी विकत घेतल्या, त्या पूर्ण दुरुस्त केल्या आणि आपल्या विक्रेत्यांमार्फत पुन्हा विकल्या. ज्या कंपनीने मोटार जन्माला घातली तिनेच ती पुन्हा उभी केली, तरी त्या मोटारी १९७० च्या नव्या मोटारी झाल्या नाहीत. त्या पुनरुज्जीवित मोटारी म्हणूनच विकल्या गेल्या, आणि ते योग्यच झाले. काळ मागे नेण्याचा अधिकार निर्मात्याकडेही नसतो.

मालकाचे स्वातंत्र्य

आता निराळा प्रसंग घेऊ. मालकाला हुबेहूब पेटी नकोच आहे. त्याला राखदाणीऐवजी पेला ठेवण्याची जागा हवी, लांबच्या प्रवासात कोपर टेकावयास उंच गादी हवी, भ्रमणध्वनी भारित करण्याची सोय हवी. तो आपल्या गरजेनुसार पेटी आखतो. हा जुन्या मोटारीचा अपमान होय काय?

आम्हांस तसे वाटत नाही. मोटार चालविण्यासाठी निर्माण झाली आहे. जी चालवली जात नाही तिचा हेतूच खुंटतो. वापरणाऱ्याच्या शरीराला सोयीची व्हावी म्हणून तिच्यात भर घालणे हा मालकाचा न्याय्य अधिकार आहे. परंतु या अधिकाराला एक मर्यादा आहे, आणि ती एका साध्या प्रश्नात सांगता येते: हे परत फिरविता येईल काय? नवी पेटी पूर्वीच्याच भोकांत, पूर्वीच्याच आधारांवर बसविली असेल, तर पुढचा मालक चार स्क्रू काढून मूळ स्थितीकडे जाऊ शकतो. पेटी मोठी करण्यासाठी पत्राच कापला असेल, तर पुढच्याचा तो पर्याय कायमचा गेला. पहिल्याने आपले स्वातंत्र्य वापरले. दुसऱ्याने दुसऱ्याचे स्वातंत्र्य खर्च केले. एरवी दोन्ही पेट्या शेजारी ठेवल्या तर सारख्याच सुंदर दिसतील.

म्हणूनच मोडकी जुनी पेटी फेकून न देता तिचे तुकडे एका खोक्यात घालून मोटारीबरोबर ठेवण्याची चाल आम्हांस भावते. त्या तुकड्यांचा उपयोग काय, असे व्यवहारी मनुष्य विचारील. पुढचा कारागीर अधिक कुशल असेल. त्याच्याजवळ आज नसलेली साधने असतील. त्याला या तुकड्यांतून असे काही कळेल जे आपल्याला कळले नाही. आपले उत्तर हे शेवटचे उत्तर नव्हे, एवढी नम्रता त्या खोक्यात असते.

एक आक्षेप

या सर्व विवेचनावर एक आक्षेप येणारच, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या जगात अनेकांना डोक्यावर छप्पर नाही, तेथे एका हौशी मोटारीच्या पेटीसाठी कित्येक शनिवार-रविवार व इतका पैसा खर्च करावा काय? सुट्या भागाच्या सत्यनिष्ठेविषयी एवढा काथ्याकूट करणाऱ्यांनी या मोठ्या प्रश्नाकडे पाठ का फिरवावी?

या आक्षेपाला सर्वांगीण उत्तर नाही, आणि असल्याचा आव आम्ही आणणार नाही. हौस ही हौसच आहे. तिला पुण्याचा मुलामा देऊ नये. नवी वस्तू घेऊन जुनी टाकून देण्यापेक्षा जुनी दुरुस्त करणे बरे, हे खरे; पण एवढ्याने सुटका होत नाही, कारण पुष्कळांच्या घरी रोजच्या वापराची दुसरी मोटार उभीच असते. मात्र एक माप आम्हांस उपयोगाचे वाटते. हातांना लागलेली काळजी त्या मनुष्याबरोबर गॅरेजबाहेर पडते काय? मोटारीच्या दोन मिलिमीटरसाठी जो चार वेळा उठतो, तो घरातल्या माणसाचे बोलणे पुरते ऐकून घेतो काय? ज्याने पेटीच्या आत न दिसणारी कड घासून गुळगुळीत केली, तो कामाच्या ठिकाणी न दिसणारा हिशेबही तसाच चोख ठेवतो काय? उत्तर होकारार्थी असेल तर ते शनिवार-रविवार फुकट गेले असे म्हणवत नाही. उत्तर नकारार्थी असेल तर ती पेटी कितीही सुबक असो, तिने आपल्या कर्त्याला काहीच शिकविले नाही. वस्तूवर प्रेम करणे आणि वस्तूची पूजा करणे यांतील भेद बहुधा येथेच पडतो: प्रेम मनुष्याला इतरांसाठी मोकळे करते, पूजा त्याला त्या वस्तूपाशीच बांधून ठेवते.

आपण सारेच कोणा ना कोणाच्या जुन्या वस्तूचे तात्पुरते सांभाळकर्ते आहोत. पूर्वजांचे घर, संस्थेची घटना, गावाची चालरीत, मुलांना शिकवावयाची भाषा, यांतील काही ना काही आपल्या काळात मोडतेच, आणि त्याच्या जागी आपल्याला काही नवे बसवावे लागते. नवे बसविण्यात अपराध नाही. न बसविले तर ती वस्तू चालणारच नाही. मात्र जे नवे आहे ते नवे म्हणून सांगावे. पूर्वजांनी न सांगितलेले त्यांच्या तोंडी घालू नये. पुढच्यांना परत फिरण्याची वाट बुजवू नये. आणि जुने तुकडे, शक्य असेल तर, एखाद्या खोक्यात राहू द्यावेत. दोन आसनांमधल्या त्या लहानशा पेटीच्या आतल्या बाजूस कोणी वर्ष लिहून ठेवतो, तेव्हा तो हेच करीत असतो: आपल्या हातून काय घडले याची खरी साक्ष, ज्याला तो कधीही भेटणार नाही अशा माणसासाठी.